फिन्टनचा शब्द

"ही चकली आहे," मी म्हणाले.

"ही केल्टिक गाठ आहे," डोनल म्हणाला. "आमच्या जुन्या पोथ्यांत, दगडी क्रुसांवर, सगळीकडे असते. हिला सुरुवात नाही आणि शेवटही नाही."

"मग न संपणारी चकली. छान आहे. हीच घे."

टेबलापलीकडे बसलेली ओर्ला खुदकन हसली. डोनल हसला नाही. माझ्याकडे न बघता त्याने पान उलटलं.

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या एका अरुंद बोळात, बेकरीच्या माडीवर ओर्लाचं टॅटूचं दुकान होतं. खालून ताज्या पावाचा वास यायचा आणि वर स्पिरिटचा, त्यामुळे दवाखान्यात कुणीतरी न्याहारी करतंय असं वाटायचं. भिंतीभर चित्रं लावलेली होती, शिवाय जाडजूड वह्या होत्या, आणि माझ्या नवऱ्याला त्यातलं एकही पसंत पडत नव्हतं. एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी त्याला टेबलफॅनसारखी वाटली. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट, हे म्हणे इथल्या निम्म्या बायकांच्या अंगठीवर असतं. वीणेसारखं ते वाद्य बिअरच्या ग्लासावर असतं. तीन पानांचं त्यांचं लाडकं गवत पर्यटकांच्या टोप्यांवर असतं. मुलगी बघायला आलेली वरमायसुद्धा ठेवणार नाही इतकी नावं तो ठेवत होता, आणि एरवी हा माणूस समोर येईल ते निमूटपणे जेवणारा.

मला घाई होती. त्याने काहीही घ्यावं, चकली तर चकली, पण आजच हातावर सुई फिरावी. कारण ताज्या टॅटूला समुद्राचं पाणी लागून चालत नाही. जखम भरेपर्यंत खाऱ्या पाण्यात उतरायचं नाही, होडीत बसून लाटा अंगावर घ्यायच्या नाहीत. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, त्यामुळे हे मी त्याला सकाळीच चांगलं समजावून सांगितलं होतं. टॅटू झाला तर काही दिवस तरी तो जमिनीवर राहणार होता. नाही झाला, तर उद्या भरतीला पुन्हा होडी काढणार होता. तसं त्याने मला स्वच्छ बजावलं होतं.

होडी तो रोजच काढायचा. धाकटा भाऊ, फिन्टन, बुडाला तेव्हापासून.

फिन्टन खेकड्यांचे पिंजरे उचलायला एकटाच गेला होता. बोट सापडली, तिचं इंजिन चालू होतं. तो सापडला नाही. शोधपथक आलं, हेलिकॉप्टर फिरलं, गावातल्या सगळ्या बोटी फिरल्या आणि मग एकेक करून आपापल्या कामाला लागल्या. डोनल मात्र थांबला नाही. तो सुतारकाम करणारा माणूस, समुद्राची सवय केव्हाच सुटलेली, पण वडिलांच्या जुन्या होडीत बसून रोज एकटाच कड्यांखालच्या कपारी धुंडाळायचा. त्या कड्यांखाली पाणी कसं उसळतं ते मी एकदा वरून पाहिलं होतं. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, माहेरी निघून जाईन म्हणून धमकी दिली. माझं माहेर मिरजेला, त्यामुळे धमकीत फारसा दम नव्हता. फिन्टन गेल्याचं दुःख मला होतंच. पण खरं सांगते, फिन्टन सापडावा म्हणून मी देवापुढे हात जोडत नव्हते. डोनल घरात राहावा म्हणून जोडत होते.

हे दोघे भाऊ वर्षानुवर्षं म्हणायचे, दोघांनी एकच टॅटू काढून घ्यायचा, आयरिश. आणि कुठला, यावरून दरवेळी भांडायचे. मी तोच धागा धरला. तुमचं ठरलं होतं ना, मग आता तू एकट्याने तरी काढ, असं म्हटल्यावर तो गाडीत बसला होता.

"हे नको," डोनल म्हणाला आणि शेवटची वही मिटली. "यातलं काहीच त्याचं वाटत नाही."

ओर्ला चाळिशीची, शांत बाई होती. केस बारीक कापलेले, दोन्ही दंड चित्रांनी भरलेले. तिने उठून भिंतीवरचा एक फोटो काढून आणला. शेतात उभा असलेला उंच दगड, आणि त्याच्या धारेवर आडव्या-तिरक्या खाचा.

"ही आपली सगळ्यात जुनी लिपी. ओगम," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने समजावलं, "दगडाची कड म्हणजे मधली रेघ. तिच्यावर खाचा म्हणजे अक्षरं. आणि वाचायचं खालून वर. जमिनीपासून सुरुवात करून आकाशाकडे."

डोनल त्या फोटोकडे बघत राहिला. मला हायसं वाटलं.

"फिन्टनचं नाव लिहून देऊ का यात?" ओर्लाने विचारलं.

"नाव नको. नाव थडग्यावर असतं." तो जरा थांबला. "त्याचा शब्द लिही."

"कुठला शब्द?" मी उगाच विचारलं.

"तुला माहीत आहे, मेधा."

मला माहीत होता. मीच दिला होता तो.

लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हाची गोष्ट. निघताना दारात उभी राहून, सवयीने, डोनलच्या आईला मी मराठीतच म्हणाले, "येते हं." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मग अर्थ सांगावा लागला, की निघताना आम्ही मी येते असं म्हणतो, म्हणजे परत येईन असं. फिन्टनला त्याचं फार नवल वाटलं. तू पुरुष, तू 'येतो' म्हणायचं, एवढं व्याकरण मी त्याला शिकवलं आणि घरातल्या माणसाने 'ये' म्हणून निरोप द्यायचा हेही सांगितलं. झालं. त्या दिवसापासून तो पबमधून निघाला तरी येतो, दुकानातून निघाला तरी येतो, जेवता जेवता हात धुवायला उठला तरी येतो. माझं नाव गावात कुणाच्या जिभेवर बसत नसे, सगळे आपलं मेव्ह म्हणायचे. तो मात्र वहिनी म्हणायचा. त्याच्या तोंडात त्याचं 'वायनी' व्हायचं. "येतो, वायनी!" अशी आरोळी आली की माझी मिरज मला भेटून जायची. इतका गोड दीर मला मिरजेतसुद्धा मिळाला नसता.

शेवटच्या दिवशीही त्याने आईच्या दारातून तीच आरोळी दिली होती. आयर्लंडच्या जुन्या घरांना दोन तुकड्यांचं दार असतं, खालचं अर्धं लावून वरचं उघडं ठेवता येतं. तिथे कोपर टेकवून तो म्हणाला, "येतो." आई, म्हणजे माझ्या सासूबाई नुआला, भांडी घासत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही आणि 'ये' म्हटलं नाही.

आता त्या म्हणत.

एकदा सकाळी मी दूध घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मागच्या दाराने शिरले तर त्या अर्ध्या दारापाशी उभ्या होत्या आणि बाहेरच्या रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाल्या, "ये." स्पष्ट मराठीत. कुत्रा त्यांच्या पायाशी उभा होता. तो भुंकत नव्हता की कुठे लपून बसला नव्हता. तो शेपूट हलवत होता, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात तसं. मी दूध टेबलावर ठेवलं.

"रोज येतो," आई शांतपणे म्हणाल्या. त्यांना मी आईच म्हणायचे. सासूला नावाने हाक मारणं मला जन्मात जमलं नसतं. "दारात उभा राहून त्याचा शब्द म्हणतो. आत येत नाही. मेव्ह, तुमच्याकडे हा शब्द देऊन माणूस परत आलाच नाही, असं कधी होतं का?"

मी ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडी भांडी पुन्हा पुसत बसले.

"आणि तू हल्ली निघताना तो शब्द का म्हणत नाहीस?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? सुतकाच्या घरातून उठताना आपण येतो म्हणत नाही. काही न बोलता निघायचं असतं. मी ते ठरवून केलं नव्हतं, माझी जीभच उचलली जात नव्हती. पण त्या बाईने ते बरोबर हेरलं होतं. गावातले फादर दोनदा येऊन विचारून गेले होते, फिन्टनसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कधी ठेवायचा म्हणून. आईंनी दोन्ही वेळा फादरना चहा पाजला होता आणि सांगितलं होतं, मिस्सा मेलेल्या माणसासाठी असतो. जोवर आई वाट बघत होती तोवर डोनल होडी काढणार होता, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि आता त्याला तोच शब्द हातावर हवा होता.

"तो नको," मी म्हणाले. "दुसरं काहीही घे."

"का?"

का ते मला ओर्लासमोर सांगता येईना. शब्द फिन्टनचा होता, पण हात डोनलचा होता. ज्याच्या हातावर लिहाल, तोच म्हणणार. येतो. मी येतो. आणि कुणाला म्हणणार? माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर हिरवं गोंदण असायचं, आणि त्या सांगायच्या की वर जाताना बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं. लहानपणी हसले होते मी त्याला.

"तो शब्द नसेल तर काहीच नको," डोनल उठला. "चल. उद्या भरती लवकर आहे."

तो खरंच जाकीट चढवायला लागला. मी त्याच्या जाकिटाची बाही धरली. "बस," मी म्हणाले. "देते लिहून."

ओगम लिपीत 'य'साठी अक्षरच नाही, हे ओर्लाने तेव्हा सांगितलं. डोनलला उलट बरं वाटलं. रेघ आपली ठेव आणि अक्षरं हिची, तो म्हणाला. म्हणजे उभी, दगडाच्या कडेसारखी रेघ, आणि तिच्यावर माझी मराठी अक्षरं. ओर्लाने मला अक्षरं सुटी सुटी, मोठी लिहून द्यायला सांगितली, म्हणजे तिला मापात बसवता येतील. मी एका कागदावर 'ये' लिहिलं, दुसऱ्यावर 'तो'. शाळेतल्या बाईंनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती इतकं नीट लिहिलं.

ओर्लाने चित्र तयार केलं, ते छाप उठवायच्या कागदावर उतरवलं. डोनलच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट यांच्या मध्ये, तिने जागा पुसली, कागद दाबून धरला आणि सोलून काढला. कातडीवर जांभळी रेघ उमटली, तिच्यावर दोन अक्षरं. सुई फिरते ती या छापावरून. तोपर्यंत चूक असेल तर स्पिरिटने पुसता येते.

"नीट बघून घे हं," ओर्ला मला म्हणाली. "या सगळ्या परगण्यात हे वाचू शकणारी तूच एकटी असशील."

मी वाकून पाहिलं. वर 'तो' होता. खाली 'ये'.

तोये.

मिरजेच्या शाळेत संस्कृतच्या आपटेबाई आमच्याकडून शब्द चालवून घ्यायच्या, डोलत डोलत, गाण्यासारखे. तोय म्हणजे पाणी. 'वन'सारखं चालवायचं. तोयम्, तोये, तोयानि. आणि सप्तमीला पुन्हा तोये. सप्तमीचा अर्थ आत. सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, तोये म्हणजे पाण्यात!

त्या माडीवर, पावाच्या वासात, माझ्या नवऱ्याच्या हातावर कुणीतरी लिहिलं होतं, पाण्यात.

"चुकलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "अक्षरांची जागा बदलली आहे. 'ये' वर हवं."

"अगं बाई, खरंच," ओर्लाने जीभ चावली. "ओगमची सवय लागलेली ना, मी खालून वर लावत गेले." तिने छाप पुसला. डोनल नुसता माझ्याकडे बघत होता.

ओर्लाने चित्र पुन्हा केलं. या वेळी मी तिच्या खांद्याशी उभी राहून पाहिलं. कागदावर वर 'ये', खाली 'तो'. तिने पेनाने वरच्या कोपऱ्यात बाण काढला आणि मला दाखवला. मी मान हलवली. बाण कोपराकडे ठेवून तिने कागद लावला, तोही मी पाहिला. तिने तळव्याने दाबला, थोडी थांबली, आणि सोलला.

वर 'तो'. खाली 'ये'.

अक्षरं पालथी झाली नव्हती, उलटीही नव्हती. सरळ, सुबक, माझ्याच वळणाची. फक्त त्यांनी जागा बदलली होती. ओर्लाने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा कागदाकडे. कागदावर अजून 'ये' वरच होतं. बाण जागच्या जागी होता. खाली बेकरीत कुणीतरी ट्रे आपटला आणि आम्ही तिघंही दचकलो.

"तुझा हात ओला का आहे?" ओर्लाने डोनलला विचारलं.

"नाही," डोनल म्हणाला.

पण होता. तिने कोरडा करून ठेवलेल्या कातडीवर पाणी साचलं होतं, घामासारखं नव्हे, जरा जास्तच. तिने कापडाने टिपलं आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"मी तिसऱ्यांदा लावणार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी आजी बेटावरची, असलं पाणी ओळखायची. हा शब्द बुडालेल्या माणसाचा आहे का?"

आम्ही तिला फिन्टनबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. भावाची आठवण म्हणून टॅटू, एवढंच सांगितलं होतं.

"हो," डोनल म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "हे तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा तुझा चेहरा उतरला. नुसतं चुकलेलं असतं तर उतरला नसता. वरून वाचलं तर काय होतं?"

"काही होत नाही. अर्थ नाही त्याला."

"मेधा."

सत्य सांगितलं तर हा वेडा होईल आणि खोटं सांगितलं तर उद्या होडी काढेल, एवढंच मला कळत होतं. मी त्याचा दुसरा हात धरला. तो कोरडा आणि गरम होता.

"आमच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होतो, पाण्यात," मी म्हणाले.

त्याने हात खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि त्या दोन अक्षरांकडे, जी त्याला वाचता येत नव्हती, एकटक बघत राहिला. मला वाटलं, आता हा ओरडेल, किंवा ते पुसून टाकेल.

"मी रोज त्या कड्यांखाली जातो ना," तो म्हणाला, "तिथे इंजिन बंद करून मोठ्याने एकच विचारतो. कुठे आहेस म्हणून. तुला सांगितलं नव्हतं. वेडा म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग हे उत्तर आहे." त्याचा आवाज स्थिर होता. "पाण्यात आहे तो. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच." त्याने हात ओर्लापुढे टेबलावर ठेवला. "असंच राहू दे. कर."

ओर्लाने छातीवर क्रुसाची खूण केली, नवे मोजे घातले आणि सुई सुरू केली. मी खुर्ची ओढून बसले आणि हमसाहमशी रडले. भीती गेली नव्हती, पण तिच्यासोबत सुटल्याचंही रडू होतं. ती शाई आता निळसर पडली आहे, कडा पसरल्या आहेत. त्यानंतर डोनलने आजतागायत त्या कड्यांखाली होडी नेलेली नाही.

पण त्या दिवशी अजून आईला सामोरं जायचं होतं.

तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ असूनही अंगणात लख्ख ऊन होतं. आईंनी टेबलावर ताटं मांडली होती, नेहमीप्रमाणे एक जास्त. डोनलने बाही वर केली आणि हात त्यांच्यासमोर धरला. पारदर्शक पट्टीखाली कातडी लाल झाली होती.

"त्याचा शब्द," आई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "वाच, मेव्ह. मोठ्याने वाच. मला त्याच्यासारखं ऐकू दे."

डोनलने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि वरून खाली, जसं आहे तसं, वाचलं. "तोये." मग त्याचा अर्थ सांगितला, आणि दुकानात काय झालं तेही. काही लपवलं नाही. आईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तू वरून वाचलंस," त्या म्हणाल्या.

"हो. आमच्यात वरून वाचतात."

त्यांनी बोट पुढे केलं आणि पट्टीवरून, खालच्या अक्षरापासून वरच्या अक्षराकडे, सावकाश फिरवलं. "आणि असं वाचलं तर?"

"तर त्याचा शब्द," मी कबूल केलं.

"आमचे दगड खालून वाचतात," आई म्हणाल्या. त्यांनी जास्तीच्या ताटात बटाटे वाढले, आणि तो विषय संपला. डोनलने मान खाली घातली. निघताना दारात मी नेहमीसारखी गप्प उभी राहिले. "म्हण ना," त्या म्हणाल्या, "एकदा तरी म्हण." मला म्हणवेना. मी त्यांना मिठी मारली आणि न बोलता बाहेर पडले. माझ्या मागे ते अर्धं दार उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोनल उशिरापर्यंत झोपला होता, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. त्याला न उठवता मी दूध घेऊन आईंकडे गेले. मनात धरून चालले होते की त्या दारात उभ्या असतील.

त्या टेबलापाशी बसल्या होत्या. अंगात काळा कोट, केस नीट विंचरलेले, पर्स मांडीवर. चहा समोर गार झाला होता.

"चर्चला निघाले होते," त्या म्हणाल्या. "फादरना सांगायला, की मिस्सा ठेवा. मग वाटलं तुझी वाट बघावी. तुला एक विचारायचं होतं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा होता.

"आज आला होता," त्या म्हणाल्या. "रोजच्यासारखाच. पण कोपर टेकवलं नाही. जरा लांब, अंगणाच्या मध्ये उभा होता. अंगावरून पाणी गळत होतं. आणि त्याने त्याचा शब्द म्हटला नाही, मेव्ह. वेगळाच म्हणाला. त्याच्यासारखाच, पण सुरुवात वेगळी. मी म्हटलं, पुन्हा म्हण. तर पुन्हा म्हणाला. मी विसरू नये म्हणून तेव्हापासून घोकत बसले आहे."

"काय म्हणाला?"

आईंनी डोळे मिटले, आणि त्या आयरिश तोंडातून, अगदी जपून, एकेक अक्षर जुळवत तो शब्द आला.

"जातो."

घर गार पडल्यासारखं झालं. हा शब्द मी फिन्टनला कधी शिकवला नव्हता. डोनललाही नाही, कुणालाच नाही. माझ्या स्वतःच्या तोंडून तो कधी दारात उभं राहून निघाला नव्हता. त्या गावात, त्या अख्ख्या किनाऱ्यावर तो माहीत असलेली मी एकटी होते.

"मला 'ये' म्हणायचं माहीत होतं, पण ते याला लागू पडतं की नाही कळेना," आई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघत, उत्तरासाठी. मी गप्प राहिले. मग गेला. सांग ना, मेव्ह. तुमच्याकडे कुणी असं म्हणालं तर घरातल्या माणसाने काय म्हणायचं असतं?"

"आमच्याकडे असं कुणी म्हणतच नाही, आई," मी म्हणाले.